पाहण्याचा परवाना

१२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने चित्रे दाखवणे बंद केले. त्याच्यासाठी हळहळणारे थोडे आणि सुटकेचा निःश्वास टाकणारे फार. लिनक्स वापरणारे अर्थातच दुसऱ्या गटात होते. महाजालावरील चित्रफितींचा इतिहास आता एका ठरावीक साच्यात सांगितला जातो. पूर्वी ब्राउझरला स्वतःहून चित्रफीत दाखवता येत नसे, म्हणून प्लगइनांची ठिगळे लावावी लागत. पुढे एचटीएमएल५ आले, ठिगळे गळून पडली आणि लिनक्सवाल्यांचे हालही संपले. हा इतिहास मला अर्धाच खरा वाटतो. हाल पुष्कळ कमी झाले हे मान्य. पण ते ज्या कारणाने होत होते ते कारण गेलेले नाही, आणि ते मुळात तांत्रिक नव्हतेच.

प्लगइन म्हणजे काय हे नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायला हवे. नेटस्केपने १९९५ मध्ये एक सोय काढली: पानावर एक चौकट मोकळी सोडायची आणि तिच्यात काय दिसावे हे दुसऱ्याच कोणाच्या तरी प्रोग्रॅमवर सोपवायचे. वाड्यातली एक खोली भाडेकरूला द्यावी तसा हा व्यवहार. किल्ली भाडेकरूकडे, आत काय चालते याची घरमालकाला वार्ता नाही. विंडोजवर हे भाडेकरू बहुधा न बोलावता हजर असत. लिनक्सवर ते येतीलच याचा भरवसा नसे. क्विकटाइम आणि विंडोज मीडिया कधीच आले नाहीत. रिअलप्लेअर आला. फ्लॅशची आठवी आवृत्ती लिनक्ससाठी निघालीच नाही. नववी विंडोजवर २००६ च्या मध्यावर आली, ती लिनक्सवर पोचायला २००७ चा जानेवारी उजाडला. तोवर यूट्यूबचा बोलबाला सुरू झाला होता आणि लिनक्सवाले सातव्या आवृत्तीवर दिवस काढत होते. ६४ बिटांच्या लिनक्ससाठी २००८ मध्ये कच्ची आवृत्ती मिळाली, २०१० मध्ये ती काढून घेतली गेली आणि २०११ मध्ये पक्की आली. मधल्या काळात ३२ बिटांचे प्लगइन ६४ बिटांच्या ब्राउझरात बसवण्यासाठी मध्यस्थ प्रोग्रॅम वापरावा लागे. विंडोज मीडियासाठी तर एमप्लेअरमध्ये थेट विंडोजच्याच फायली उसन्या आणून घालत. ते कायद्यात बसते की नाही, याची चर्चा कोणी फारशी मोठ्याने करत नसे.

ही केवळ हौशी मंडळींची गैरसोय होती असे ज्यांना वाटते, त्यांनी बीबीसीचे प्रकरण आठवावे. २००७ मध्ये बीबीसीने आयप्लेअर आणला. कार्यक्रम उतरवून घेण्याची सोय सुरुवातीला फक्त विंडोजवर होती, कारण त्यांना लावलेले कुलूप मायक्रोसॉफ्टचे होते. बीबीसीचा खर्च ब्रिटनमधील दूरचित्रवाणी पाहणाऱ्या घरांच्या परवाना शुल्कातून चालतो. शुल्क भरताना कोणाला संगणक कोणता वापरता असे विचारत नाहीत. मग पाहताना का विचारावे, हा साधा प्रश्न होता. पंतप्रधानांच्या संकेतस्थळावरील निवेदनावर सोळा हजारांहून अधिक सह्या झाल्या. त्या काळात बीबीसीच्या या विभागाचे प्रमुख अ‍ॅशली हायफील्ड यांनी सांगितले, की आपल्या संकेतस्थळाच्या ब्रिटनमधील सुमारे एक कोटी सत्तर लाख वाचकांत लिनक्सवाले ४०० ते ६०० असावेत. लोकांनी हिशेब तपासायला लावला, तेव्हा सुधारित आकडा आला: ३६,६०० ते ९७,६००.

या दोन आकड्यांमधील अंतराकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. त्यात कोणाचा खोटेपणा होता असे मला वाटत नाही. मोजणीच्या या पद्धतीतच खोट आहे. जी चौकट लिनक्सवर रिकामी दिसते तिच्यासमोर कोणी थांबत नाही, आणि जो थांबत नाही तो गणतीत येत नाही. शिवाय 'आपला ब्राउझर चालणार नाही' ही पाटी टाळण्यासाठी अनेकजण आपला ब्राउझर विंडोजवरचा आहे असे सांगायला लावत. म्हणजे जे आत शिरले तेही वेश पालटून. मग 'लिनक्सला प्रेक्षकच नाही' हा निष्कर्ष काढायला कंपन्या मोकळ्या. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडील कित्येक वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या फाँटांत बंदिस्त होती. इंटरनेट एक्स्प्लोररवर अग्रलेख दिसे, इतरत्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी. लिनक्सवर मराठी वाचणारे किती, असे तेव्हा कोणी विचारलेच असते तर उत्तर काय मिळाले असते हे उघड आहे.

बीबीसीच्या प्रकरणाचा शेवट मात्र वेगळाच झाला. डिसेंबर २००७ मध्ये आयप्लेअरवरचे कार्यक्रम थेट पानावर पाहायची सोय आली आणि ती लिनक्सवरही चालली. कशाच्या बळावर? फ्लॅशच्या! एका बंद पेटीतून सुटका केली ती दुसऱ्या बंद पेटीने. त्यावेळी झालेला आनंद खरा होता, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण पेटी बंद असण्याची किंमत काय, हे २०१० च्या अखेरीस फेडोरा १४ वापरणाऱ्यांना कळले.

झाले असे, की फ्लॅशमधून येणारा आवाज एकाएकी फाटू लागला. स्मृतीतला मजकूर एका जागेहून दुसरीकडे नकलण्याचे 'मेमसीपीवाय' नावाचे एक फंक्शन सी भाषेच्या ग्रंथालयात असते. मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींवर चढत असतील तर ते वापरू नये, असा प्रमाणाचा दंडक आहे. त्यासाठी 'मेममूव्ह' हे वेगळे फंक्शन आहे. फ्लॅशने हा दंडक पाळला नव्हता. जुन्या ग्रंथालयात ते खपून जाई. नव्याने वेगासाठी काही प्रोसेसरांवर शेवटाकडून नकलायला सुरुवात केली आणि आवाजाचे तुकडे झाले. खुद्द लायनस टोरवाल्ड्स यांनी याचा छडा लावला. चूक फ्लॅशची आहे, असे ग्रंथालयाच्या बाजूचे म्हणणे; वापरणाऱ्याला चूक कोणाची याच्याशी कर्तव्य नसते, त्याचे चालू असलेले बंद पडता कामा नये, असा टोरवाल्ड्स यांचा रोख. वाद रंगला, आणि दोन्ही बाजूंना आपापल्या परीने आधार होता. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. दुरुस्ती बहुधा एका शब्दाची होती, एका फंक्शनऐवजी दुसरे. ती कोणती हे जगातल्या उत्तमोत्तम प्रोग्रॅमरांना ठाऊक झाले होते, आणि ती करण्याचा अधिकार त्यांच्यापैकी एकालाही नव्हता. अखेर ग्रंथालयानेच जुन्या प्रोग्रॅमांसाठी जुनी रीत सांभाळली. भाडेकरूच्या सोयीसाठी वाड्याची भिंत सरकवावी लागली!

पुढची कथा पुष्कळांना ठाऊक आहे. चित्रफितींसाठी ब्राउझरातच सोय असावी हा प्रस्ताव ऑपेराने २००७ मध्ये मांडला, मग पेटंटांवरून कोणता कोडेक वापरायचा याचे भांडण काही वर्षे चालले आणि हळूहळू मिटत गेले. क्रोमने जुनी प्लगइन्स लिनक्सवर २०१४ मध्ये काढून टाकली, फायरफॉक्सने २०१७ मध्ये फ्लॅशखेरीज सर्व. त्याच २०१७ च्या सप्टेंबरात महाजालाची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने 'एन्क्रिप्टेड मीडिया एक्स्टेन्शन्स' या प्रमाणाला मान्यता दिली. सुमारे ५८ टक्के मते बाजूने पडली आणि इलेक्ट्रॉनिक फ्राँटियर फाउंडेशनने राजीनामा दिला. या प्रमाणाने सांगितले एवढेच, की कुलूपबंद चित्रफीत उघडणाऱ्या पेटीशी ब्राउझरने कसे बोलावे. पेटीच्या आत काय असावे ते सांगितले नाही. सध्या लिनक्सवर ही पेटी म्हणजे गूगलचे वाइडवाइन. ती बंद आहे, तिची चावी दुसऱ्याकडे आहे, आणि साध्या लिनक्स संगणकावर ती विश्वासाच्या सर्वांत खालच्या पायरीवर चालते. म्हणून अनेक सेवा तेच पैसे घेऊन तिथे कमी प्रतीचे चित्र पाठवतात. याला प्लगइन न म्हणण्याचे मला तरी कारण दिसत नाही. फरक इतकाच, की पूर्वीचा भाडेकरू दारावर नाव लावून राहत असे.

जी पेटी बाहेरून उकलता येते तिचे जतन होते, आणि माझ्या लेखी हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. ज्यांना रिअल, विंडोज मीडिया आणि फ्लॅशच्या चित्रफिती कोणी दाखवत नव्हते त्यांतल्याच काहींनी ही स्वरूपे चिकाटीने उलगडली. २००० मध्ये सुरू झालेल्या एफएफएमपेगमुळे त्या काळातल्या फायली आजही पाहता येतात. रफल हा मुक्तस्रोत प्रोग्रॅम फ्लॅशची सचेतपटे पुन्हा चालवतो, आणि इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून त्याच्या आधारे ती जपायला घेतली, म्हणजे फ्लॅश मरण्याआधीच. वाइडवाइनच्या आतल्या चित्रपटांचे असे काही होणार नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार कुलूप उघडणे हाच स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ त्या मानाने शहाणे आहे: हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला ते शिक्षा सांगते, कायद्याने न मनाई केलेल्या कामासाठी तोडणाऱ्याला मोकळे सोडते. परंतु उघडण्याची मुभा असून उपयोग काय, उघडण्याचे साधन कोणी उघडपणे देत नसेल तर?

लिनक्सवरील फायरफॉक्समध्ये कुलूपबंद चित्रफितीचे पान उघडले, की वरच्या बाजूला एक पट्टी येते आणि ही पेटी चालू करायची का असे विचारते. विंडोजवर ही परवानगी आधीच दिलेली असते. ती पट्टी मला आवडते. बहुतेक वेळा मी 'हो' म्हणतो, कारण चित्रपट पाहायचा असतो.