छान, अप्रतिम, अभिनंदन! पण गाणं ऐकलंत का?



हल्ली आपल्या इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगावच्या मराठी ग्रुपांवर नव्या अल्बमच्या लिंका बऱ्याच येतात. कुणाच्या नातवाने रॅप केलंय, कुणाच्या सुनेने अभंगांना गिटारची साथ दिलीय, कुणाचा भाचा पियानोवर नाट्यपदं वाजवतोय. आनंदाचीच गोष्ट आहे. पण लिंक पडली रे पडली की खाली जोडलेले हात आणि फुलांचे गुच्छ सुरू. 'अप्रतिम!' 'खूप छान!' 'आपल्या समाजाचा अभिमान!' अल्बम पस्तीस मिनिटांचा आणि पहिलं 'अप्रतिम' दुसऱ्या मिनिटाला. हा हिशेब काही जमत नाही हो.

काहींना राग येईल, तरी लिहिते. न ऐकता केलेलं कौतुक टीकेपेक्षा जास्त नुकसान करतं. आणि आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या छोट्या समाजात तर ते फारच महागात पडतं.

आमच्या घरात, इंदूरच्या रामबागेत, नवी तबकडी येणं म्हणजे सणच असायचा. दर महिन्याला कुठली परवडायला! वर्षाकाठी दोन, फार तर तीन. त्यामुळे आलेली तबकडी पंधरा-वीस वेळा ऐकली जायची. शेजारचे काका, वरच्या मजल्यावरच्या आत्या, बाबांचे ऑफिसातले दोघं-तिघं असे सगळे जमायचे. एक बाजू संपली की मग बोलणं. 'अंतऱ्यात घाई केली', 'तबला फार पुढे ठेवलाय', 'ही तान उगाच आली, नसती तरी चाललं असतं'. कुणी संगीत विशारद नव्हतं. एक जण मिलमध्ये कारकून, एक जण शाळेत भूगोल शिकवणारे. पण मत द्यायचं तर कारण द्यायचं, एवढी शिस्त होती. नुसतं 'आवडलं नाही' म्हटलं की आत्या लगेच विचारायच्या, 'का? कुठे?'

ही शिस्त काही आकाशातून पडली नव्हती. मराठीत संगीतावर लिहिणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. केशवराव भोळे यांचं नाव आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. प्रभातच्या 'संत तुकाराम' आणि 'कुंकू' या चित्रपटांचं संगीत त्यांचं. पण त्याच भोळ्यांनी 'एकलव्य' या टोपणनावाने आपल्या काळातल्या नावाजलेल्या गवयांवर हातचं न राखता लिहिलं. पत्नी ज्योत्स्नाबाई मूळच्या गोव्याच्या, स्वतः मोठ्या गायिका. घरात गाणं, धंदा गाण्याचा, ऊठबस गाणाऱ्यांत, आणि तरीही खरं लिहायचं. सोपं नाही ते. दुसरे वामनराव देशपांडे. धंद्याने चार्टर्ड अकाउंटंट. १९६१ मध्ये त्यांचं 'घरंदाज गायकी' आलं. कुठलं घराणं सुराकडे झुकतं आणि कुठलं लयीकडे, याची त्यांनी जी मांडणी केली, तिच्यावर आजही वाद होतात. वाद होतात म्हणजेच पुस्तक जिवंत आहे.

आणि आपल्या माळव्याचं उदाहरण घ्यायचं तर कुमारजी. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा १९४८ मध्ये देवासला आला. क्षयाने काही वर्षं गाणं बंद पडलं. बरे होऊन ते पुन्हा गायला लागले तेव्हा सगळ्यांनी हार घेऊन स्वागत केलं, असं नाही. कुणाला त्यांचं घराण्याच्या चौकटीबाहेर जाणं खटकलं, कुणाला विलंबित ख्याल कमी पडतोय असं वाटलं. पण विरोधात बोलणारेही त्यांना ऐकत होते, पुन्हा पुन्हा जाऊन ऐकत होते. इकडे इंदूरला राहुल बारपुते, विष्णू चिंचाळकर गुरुजी, बाबा डिके ही त्यांची मित्रमंडळी. एक संपादक, एक चित्रकार, एक नाटकवाला. अशा माणसांत उठबस असली की गाणाऱ्याला टाळ्यांपलीकडचं काहीतरी मिळतं. बरोबरीच्या माणसाचा कान मिळतो. मोठा कलावंत असा कानांच्या शेजारात वाढतो.

आता जगात काय चाललंय ते बघा. पाश्चात्त्य संगीतात नवा अल्बम आला की परीक्षण लिहिण्याचा रीतसर व्यवसाय होता. 'पिचफोर्क' नावाचं अमेरिकन प्रकाशन तर दहापैकी गुण द्यायचं, तेही दशांशात. आमच्या पोराटोरांना ते पाठ असायचे. २०२४ च्या जानेवारीत त्याच्या मालक कंपनीने ते 'जीक्यू' या पुरुषांच्या मासिकात विलीन करत असल्याचं जाहीर केलं आणि बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टेलर स्विफ्टचा नवा अल्बम आला. मध्यरात्री सोळा गाणी आणि दोन तासांनी आणखी पंधरा. एकूण एकतीस गाणी, ऐकायलाच दोन तास. आणि काही परीक्षणं त्याच दिवशी हजर! माणूस झोपला कधी, ऐकलं कधी, विचार केला कधी?

त्यातलं एक परीक्षण 'पेस्ट' या नियतकालिकात आलं. कडक टीका होती, पण खाली लिहिणाऱ्याचं नावच नव्हतं. त्यांनी कारणही सांगितलं. २०१९ मध्ये याच गायिकेच्या एका अल्बमवर टीका केली तेव्हा लिहिणाऱ्याला धमक्या आल्या होत्या. गंमत बघा, भोळ्यांनी 'एकलव्य' हे नाव घेतलं, पण त्या नावामागून एक माणूस वर्षानुवर्षं बोलत राहिला, त्या नावाला वजन आलं. इथे टोपणनावाचीसुद्धा सोय उरली नाही. चाहत्यांची भीती एवढी, की माणूसच पुसून टाकावा लागला. म्हणजे एकीकडे पहिल्याच दिवशी निकाल लावायची घाई आणि दुसरीकडे खरं बोलायची भीती. या दोन्हींच्या मध्ये गाणं ऐकणारं कुणी उरतं का?

ऐकण्याचा धीरही बाजाराने कापून टाकलाय. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक 'ऐकणं' मोजलं जातं. तीस सेकंद! आपले अमीर खाँसाहेब, इंदूर घराणं ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्यांचा विलंबित झूमरा लावून बघा. तीस सेकंदांत तालाचं एक आवर्तनसुद्धा पुरं व्हायचं नाही. समेवर येण्याआधीच यंत्राने तुमची नोंद 'श्रोता' म्हणून केलेली असते.

कुणी म्हणेल, समीक्षक काय मोठे लागून गेले, ते तर कितीदा चुकलेत. बरोबर आहे, चुकतात. १९६९ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाने लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमची चांगलीच खरडपट्टी काढली होती. पुढे त्याच मासिकाने आपल्या सर्वोत्तम ५०० अल्बमच्या यादीत त्याला जागा दिली. पण मला विचाराल तर कारणांसह लिहिलेली चुकीची समीक्षासुद्धा उपयोगी असते. त्या काळच्या कानाला काय खटकलं, हे तिच्यातून पन्नास वर्षांनी कळतं. फुलांच्या गुच्छातून पन्नास वर्षांनी काय कळणार?

आणि मनापासून ऐकणाऱ्या एका माणसाचं मत कुठवर जाऊ शकतं, याचं उदाहरण आपल्या गोव्याचंच आहे. केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची सोनेरी तबकडी अंतराळात पाठवली. तिच्यात हिंदुस्थानी संगीतातून केसरबाईंची भैरवी आहे, जेमतेम साडेतीन मिनिटांची. ती सुचवली रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने. ते रेकॉर्डिंग तेव्हा बाजारात मिळतही नव्हतं. शोधता शोधता न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात प्रती सापडल्या. एका माणसाने खूप ऐकलं होतं, तुलना केली होती, आणि हेच का, ते त्याला सांगता येत होतं. समीक्षा म्हणजे हेच. चार तारे की साडेचार, हा प्रश्नच त्यात नाही.

नुसतंच बोलण्यापेक्षा एका अल्बमबद्दल माझं मत सांगते. 'शक्ती'चा 'धिस मोमेंट' हा अल्बम २०२३ मध्ये आला आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याला ग्रॅमी मिळालं. जॉन मॅक्लॉफ्लिन, उस्ताद झाकीर हुसेन, शंकर महादेवन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आणि तालवाद्यांवर सेल्वागणेश. शंकर महादेवन आपल्याला परके नाहीत, श्रीनिवास खळे यांचे शिष्य ते. बक्षीस मिळालं त्या दिवशी सगळीकडे जल्लोष झाला, आणि व्हायलाच हवा होता. वाजवणाऱ्यांच्या तयारीबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. पण 'शक्ती'ची १९७६ ची पहिली तबकडी ऐका. ती मैफलीतच रेकॉर्ड झालेली आहे. मॅक्लॉफ्लिनची गिटार आणि एल. शंकर यांचं व्हायोलिन तिथे एकमेकांच्या मागे असे धावतात, की आता कुणीतरी पडणार असं वाटतं आणि आपला श्वास अडकतो. नवा अल्बम स्टुडिओतला. स्वच्छ, रेखीव, प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. पण पडण्याची भीती गेली आणि तिच्याबरोबर थोडा थरारही गेला. मात्र शंकर महादेवन यांच्या आवाजाने एक गोष्ट नवीन आणली. पहिल्या 'शक्ती'त गाणारा गळा असा मध्यभागी नव्हता. त्यामुळे हे संगीत घरातल्या, वाद्यसंगीत न ऐकणाऱ्या माणसांपर्यंतही पोहोचतं. माझ्या सासूबाईंनी दोनदा लावायला सांगितलं, हा माझ्या हिशेबी मोठा शेरा आहे. हे मत कुणाला पटणार नाही. नको पटू दे. पण त्याच्याशी भांडता येतं. 'अप्रतिम'शी कसं भांडणार?

आता आपल्या घरचं. ओळखीतल्या एका मुलीने दोन वर्षांपूर्वी पाच गाण्यांचा अल्बम काढला. शब्द मराठी, चाली तिच्याच, साथीला गिटार आणि कॅहॉन. नोकरीतून साठवलेले पैसे घातले. ग्रुपवर शंभरावर 'छान' आले. पुढच्या दिवाळीला भेटली तेव्हा मी विचारलं, आता नवीन काय? म्हणाली, "काही नाही काकू. सगळ्यांनी छान म्हटलं, पण कुणाला एक ओळसुद्धा म्हणून दाखवता आली नाही. मला कळलं, कुणी ऐकलंच नव्हतं." तिसऱ्या गाण्यात तिचा आवाज वरच्या पट्टीत ताणला जात होता, खाली उतरवलं असतं तर गाणं फुललं असतं. हे तिला सांगितलं तर तिचे डोळे भरून आले. वाईट वाटून नव्हे हो, कुणीतरी तिसऱ्या गाण्यापर्यंत पोहोचलं म्हणून.

लोक म्हणतात, अहो, उमेदीची मुलं आहेत. त्यात परमुलुखात वाढलेली. शाळा इंग्रजी, बोलणं हिंदीत नाहीतर कानडी-गुजरातीत. मराठीत गातायत हेच पुष्कळ. उगाच दोष काढून त्यांना घाबरवू नका. या म्हणण्यात माया आहे, मला मान्य आहे. पण त्यात एक अपमानही दडलाय. 'मराठीत गातोयस हेच पुष्कळ' याचा अर्थ 'तुझ्याकडून चांगल्याची अपेक्षा नाही'. कुमारजींना कुणी 'देवाससारख्या गावात राहून गातोस हेच पुष्कळ' म्हणून सोडून दिलं नाही. त्यांच्याशी वाद घातला, कारण त्यांना बरोबरीचं मानलं होतं.

पुण्या-मुंबईच्या मुलाला चुका सांगणारे शंभर भेटतात. इथे आपण पाच-पंचवीस घरंच ऐकणारी. आपणच खोटं बोललो तर त्या मुलाने खरं ऐकायला जायचं कुठे?

म्हणून एक विनंती. आता लिंक आली की लगेच गुच्छ पाठवू नका. दोन दिवस घ्या. निदान एक गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा शब्दांकडे कान देऊन, तिसऱ्यांदा साथीकडे. मग काय आवडलं ते जागेसकट सांगा, जसं 'दुसऱ्या गाण्याचं धृपद परत येतं तिथे'. एखादी गोष्ट खटकली तर तीही सांगा, पण ती ग्रुपवर नको. फोन करून, घरच्यासारखी. रॅप कळत नसेल तर 'मला कळत नाही, पण शब्द ऐकू येत नव्हते' एवढं तरी म्हणा. तेही मतच आहे, आणि प्रामाणिक आहे. ज्यांनी गायलंय त्यांनाही सांगते, फोन आला तर रुसू नका. ज्याने वेळ काढून ऐकलं, त्याने तुम्हाला आहेर केलाय.

खाली लिहा मंडळी, गेल्या वर्षभरात आपल्यातल्या कुणाचं नवीन गाणं तुम्ही पूर्ण ऐकलंत, आणि त्यातली कुठली जागा तुमच्याजवळ राहिली? फक्त 'छान लेख' लिहू नका म्हणजे झालं.