तिसरी सही कोणाची?

जहाजे तोडताना माणसे मरू नयेत, समुद्र नासू नये, यासाठी २००९ साली झालेला हाँगकाँग करार २६ जून २०२५ रोजी अमलात आला. मध्ये १६ वर्षे गेली. भारताने २०१९ मध्ये करार स्वीकारला, स्वतःचा कायदाही केला. गुजरातेतल्या अलंगचे यार्डमालक त्याआधीच, २०१५ पासून, प्रमाणपत्रे घेऊ लागले होते. सरकार आणि उद्योग एका दिशेने चालले की काम होते, हे खरेच.

पण मी बँकेत कर्जाची कागदपत्रे तपासत आलो. सही कोणाची नाही, हे आधी पाहायची सवय. इथे कामगाराची सही नाही. तो ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून येतो आणि गावी परततो. गॅस कटरचा अपघात त्याच दिवशी दिसतो. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ मात्र फुफ्फुसात २०-३० वर्षे दबा धरून बसते. तोवर जहाज संपलेले, कदाचित यार्डही.

जहाजावरच्या घातक मालाची यादी आता सक्तीची आहे. तो माल ज्याने हाताळला, त्याच्या छातीच्या तपासणीची नोंदही सक्तीची करावी आणि ती त्याच्या हाती द्यावी. सरकार आणि मालक दोघांनी मिळून एवढे केले, तरी कराराला तिसरी सही मिळेल.