बर्फाच्या डोंगराची निवड आणि आपली जबाबदारी

तानसेन समारोहाचा मंडप उठतो, धुक्यामुळे सकाळच्या गाड्या खोळंबू लागतात आणि हजीऱ्यातील आपल्या मराठी घरांत हिवाळी सुट्टीचे बेत रंगू लागतात. पूर्वी हे बेत पुण्या-नागपूरच्या नातलगांपर्यंत, फार तर उज्जैन-ओंकारेश्वरापर्यंत जात. आता मुलांना बर्फ हवा असतो; तोही नुसता पाहायला नव्हे, तर पायांना स्की बांधून त्यावरून घसरायला. ही हौस स्वागतार्हच आहे. मात्र त्यासाठी डोंगर कोणता निवडावा, या प्रश्नावर आपण डॉक्टर मंडळी नको इतके गप्प राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दवाखान्यात प्रश्न येतो तो फार उशिरा. "डॉक्टरसाहेब, आई-बाबांनाही नेतो आहोत. चालेल ना?" तोवर तिकिटे निघालेली असतात, हॉटेलचे पैसे भरलेले असतात. आपण छाती तपासतो, रक्तदाब मोजतो आणि 'फिट' असे लिहून देतो. पण फिट कशासाठी? ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून अवघे २०० मीटर उंच. येथे घेतलेली नाडी तीन हजार मीटरवरच्या रात्रीची हमी देत नाही. त्यातून आपल्या भागातील कित्येक आजोबांची उमेद जियाजीराव कॉटन मिलच्या कापसाच्या धुळीत गेलेली. जिना चढताना त्यांना लागणारी धाप घरच्यांच्या सवयीची झालेली असते, म्हणून कोणी ती सांगतही नाही.

उंचीचे शास्त्र आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण ते सैनिकांसाठी आणि गिर्यारोहकांसाठी, असा एक समज आहे. १९६२ च्या युद्धानंतर आपल्या लष्करी डॉक्टरांनी या विषयात मोलाची भर घातली. डॉ. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ सैनिकांवरील निरीक्षणे १९६९ साली प्रसिद्ध केली, ती आजही संदर्भासाठी वाचली जातात. परंतु १९९३ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातून आलेला अभ्यास आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. सुमारे १,९०० ते २,९५० मीटर उंचीच्या पर्यटनस्थळी आलेल्या सामान्य पाहुण्यांपैकी २५ टक्क्यांना डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश, धाप अशा स्वरूपाचा विरळ हवेचा त्रास झाल्याचे त्यात आढळले. आपल्याकडील स्कीइंगचे बहुतेक उतार याच उंचीचे किंवा त्याहून वरचे आहेत.

आता प्रत्यक्ष डोंगरांकडे वळू. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. तेथील गोंडोलाचा दुसरा टप्पा प्रवाशाला काही मिनिटांत ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असतो. बर्फ उत्तम, शिकवणारी सरकारी संस्था जुनी आणि नावाजलेली. जून २०२५ मध्ये कटरा-श्रीनगर रेल्वे सुरू झाल्याने, ग्वाल्हेरहून माळवा एक्स्प्रेसने कटऱ्याला जाणाऱ्यांची पुढील वाटही सुकर झाली. तथापि, २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर तेथे जाताना प्रशासनाच्या सूचना पाहूनच बेत ठरवावा, हे वेगळे सांगणे नलगे.

औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,००० मीटरवर, समोर नंदादेवीचे दर्शन. परंतु पायथ्याचे जोशीमठ जानेवारी २०२३ मध्ये भूस्खलनाने खचले आणि तेथून वर जाणारा रोपवे बंद करावा लागला. शिवाय ऋषिकेशचे एम्स तेथून सुमारे २५० किलोमीटर दूर, तेही डोंगरी रस्त्याने. हृदयरोग्याच्या नातेवाइकांनी हा आकडा बर्फाच्या जाडीआधी विचारात घ्यावा.

तिसरा पर्याय मनाली-सोलंगचा. बर्फाच्या दृष्टीने सोलंग गुलमर्गच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मान्य. पण कुटुंबाला रात्री सुमारे २,००० मीटरवर मनालीत झोपता येते आणि दिवसा २,५०० मीटरवर बर्फात खेळता येते. उंची दिवसा चढावी आणि झोप खाली घ्यावी, हा उंचीच्या आजाराविरुद्धचा सर्वांत सोपा नियम येथे आपोआप पाळला जातो. मनालीत रुग्णालय आहे. आपल्या ग्वाल्हेरच्या सुपुत्राचे, अटलबिहारी वाजपेयी यांचे, नाव लावणारी पर्वतारोहण संस्थाही तेथेच असून ती स्कीइंगचे शिक्षण देते. म्हणून तीन पिढ्या बरोबर निघणार असतील, तर माझे मत मनालीला. घरात सगळे धडधाकट असतील आणि खरेच स्कीइंग शिकायचे असेल, तर गुलमर्गला. मात्र आधी दोन रात्री सुमारे १,६०० मीटरवरील श्रीनगरात काढून.

दुसरा मुद्दा काळाचा. शाळांची सुट्टी वर्षअखेरीस, तर भरवशाचा बर्फ जानेवारीच्या उत्तरार्धात आणि फेब्रुवारीत. तोही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बराच काळ उघडे होते, आणि २०२५ मध्ये तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे मुलांची चार दिवस शाळा बुडाली तरी बिघडत नाही. बिघडते ते पाच रात्रींत चार गावे पालथी घालण्याच्या सहलीने. शरीराला उंचीची सवय व्हायला आणि मुलांना तोल सांभाळायला शिकायला, दोन्हींसाठी एकाच ठिकाणी मुक्काम हवा.

या जोडीला आपण रुग्णांना सांगाव्यात अशा काही गोष्टी आहेत. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये आणि झरोका नसलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर वापरू नये. कार्बन मोनॉक्साइडने होणारी डोकेदुखी उंचीची समजली जाते आणि माणूस हातचा जातो. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे परावर्तित करतो, म्हणून लहानांनाही योग्य काळा चष्मा हवा. शिकाऊ माणसाचे गुडघे प्रथम दुखावतात. बाइंडिंग वजनानुसार लावून घ्यावे आणि डोक्यावर हेल्मेट घालावे. ॲसिटाझोलामाइड उपयुक्त आहे. पण ते सल्फाची ॲलर्जी विचारूनच द्यावे, आणि ते खाली उतरण्याला पर्याय नव्हे. त्रास वाढला तर खाली उतरणे हेच औषध.

काही व्यवसायबंधू म्हणतात, "एवढा खटाटोप कशाला? म्हाताऱ्यांना घरीच ठेवा." मला हे पटत नाही. ज्या आजी-आजोबांनी आयुष्यभर मुलांच्या सुट्ट्यांसाठी पै पै जमवली, त्यांना धुक्यात एकटे ठेवून निघणे हा वैद्यकीय सल्ला नव्हे, ती सोय झाली. स्थिर हृदयविकार किंवा आटोक्यातील दमा असलेला माणूस योग्य उंचीवर, योग्य गतीने गेला, तर बहुधा सुखरूप परततो. ज्याला जमिनीवरच विश्रांतीत धाप लागते किंवा ज्याला नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्याला मात्र स्पष्टपणे 'नाही' म्हणण्याचे धैर्य आपण दाखवले पाहिजे.

यासाठी फार काही करायला नको. दिवाळीनंतर येणाऱ्या प्रत्येक जुन्या रुग्णाला आपणच विचारावे : या हिवाळ्यात कोठे जाणार, झोपणार किती उंचीवर, बरोबर कोण? कुटुंबातील सर्वांत नाजूक छातीला झेपेल तोच त्या कुटुंबाचा डोंगर. तो तिकिटे काढण्यापूर्वी ठरावा, आणि ठरवताना घरच्या डॉक्टरचा शब्द त्यात असावा, एवढीच व्यवसायबंधू-भगिनींना विनंती.