एक छोटासा 'म्हणून'

'म्हणून' हा शब्द लहान आहे. पण तो फार जपून वापरावा लागतो. दोन विधानांवरून तिसरे विधान काढताना आपण तोच वापरतो. त्या तिसऱ्या विधानाला निष्कर्ष म्हणतात. उर्दूत आपण त्याला नतीजा म्हणतो आणि या शास्त्राला मंतिक. मराठीत ते तर्कशास्त्र.

सर्व मासे झाडावर राहतात. पापलेट मासा आहे. म्हणून पापलेट झाडावर राहते. हे वाचून तुम्ही हसाल. पण यातला 'म्हणून' अगदी बरोबर आहे! चूक पहिल्या विधानात आहे.

आता हे पाहा. पाऊस पडला तर अंगण भिजते. आज अंगण भिजले आहे. म्हणून पाऊस पडला. इथे कोणी हसत नाही, कारण दोन्ही विधाने खरी आहेत. तरीही निष्कर्ष सिद्ध होत नाही. कोणी सडा घातला असेल, नळ उघडा राहिला असेल. नियम उलटा वाचला की तर्क फसतो. माझ्या मते ही चूक अधिक धोक्याची, कारण ती दिसत नाही.

तिची किंमत केवढी असू शकते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी पाच माणसे आली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी होती. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या भागात आधीच पसरली होती. मुले पळवणारे अनोळखी असतात. हे अनोळखी आहेत. म्हणून हेच ते. जमावाचा तर्क असाच काहीसा असावा. पाचही जणांना ठार मारण्यात आले. तो तर्क आणि भिजलेल्या अंगणाचा तर्क शेजारी शेजारी लिहून पाहा.

शिष्यवृत्तीच्या गाइडमध्ये असे प्रश्न वर्तुळे काढून झटपट सोडवायला सांगतात. वर्तुळे मलाही आवडतात; 'सर्व' आणि 'काही' यांतला फरक ती डोळ्यांना दाखवतात. पण हा विषय दोन गुणांपुरता ठेवणे मला पटत नाही. तो गणिताच्या तासाइतकाच भाषेच्या तासाचा आहे. 'पाऊस पडला तर अंगण भिजते' आणि 'पाऊस पडला तरच अंगण भिजते' या वाक्यांत केवळ एका 'च'चा फरक आहे. दुसरे वाक्य खरे असते, तर वरचा निष्कर्षही बरोबर ठरला असता. हीच दोन वाक्ये उर्दूत लिहून पाहा. तो 'च' तुम्ही कुठे ठेवता?