वारसा आणि हक्कसोड



जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतिहासातले १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवाय तमिळनाडूतला जिंजीही. मी घरी पेढे आणले. नातू म्हणाला, "आजोबा, वारसा आपला, मग किल्ला आपल्या नावावर कधी होणार?"

सगळे हसले. माझ्या डोक्यात मात्र तो शब्द घोळत राहिला. आयुष्यभर मराठी शिकवले ना! 'वारसा' मूळचा अरबी. आपला जुना शब्द 'दाय', त्यावरून 'दायाद' म्हणजे वारस. किल्ल्यांचा वारसा सर्वांचा, तो जपायचा. आईकडून मला मधुमेह आला, तोही वारसाच. नको म्हणून सुटका नाही. तिसरा सातबाऱ्यावरचा. तिथे मात्र वारस म्हटले की आपल्याला फक्त मुलगा दिसतो. मुलगी झाल्यावर "वारस आला" असे कोणी म्हटल्याचे मी तरी ऐकले नाही.

वास्तविक १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच वडिलांच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलासारखाच जन्मतः हक्क दिला. पण आपण त्यावर हक्कसोडपत्राचा तोडगा काढून ठेवला आहे.

दुसऱ्यांचे कशाला सांगू? १९९८ साली वडील गेल्यावर मीच दोघी बहिणींना निबंधक कचेरीत नेऊन सह्या घेतल्या. ताईने कागद वाचलासुद्धा नाही. "माहेर तुटू नये एवढंच," म्हणाली. मी दोघींना साड्या घेतल्या आणि रीत सांभाळली असे समजलो. वर्गात समानतेचा धडा शिकवणारा मास्तर मी!

त्या सह्या कायद्याने आजही पक्क्या आहेत. पण माहेर तुटण्याच्या भीतीने सोडलेल्या हक्काला राजीखुशी म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बहिणीला द्यायचाच असेल तर तिने तो नंतर द्यावा. आधी तिच्या हातात तर पडू दे.

गावच्या जमिनीचा एकेक तृतीयांश हिस्सा बक्षीसपत्राने दोघींच्या नावे करायचे मी ठरवले आहे. नाव बक्षीसपत्र असले तरी ही माझी जुनी थकबाकी आहे. घरात थोडी कुरबुर झाली. असो. ताई, नातीकडून हे वाचून घेशीलच. या वेळी कागद नीट वाचून मग सही कर.

तुमच्या घरी काय झाले होते, जरूर लिहा.