बंदी नव्हे, उलटतपासणी

निघोजे ज्या शिरूर लोकसभा मतदारसंघात मोडते, त्याचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांनी जानेवारी २०२२ मध्ये आळंदीला आत्मक्लेश केला. चित्रपटात त्यांनी साकारलेल्या नथुरामावरून जनक्षोभ उसळला होता. हा क्षोभ रास्तच. चित्रपटावर बंदीची मागणी मात्र गैर. ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ या नाटकावर १९९८ साली बंदी आली. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. बंदीने नाटकाला हौतात्म्य तेवढे लाभले. खुन्याला बोलू द्यावे. पण त्याची उलटतपासणी झालीच पाहिजे. फाळणी आणि ५५ कोटी यांमुळे गांधीहत्या घडली म्हणतात. मग १९३४ साली पुण्यात गांधीजींच्या जिवावर बॉम्बहल्ला कशासाठी झाला? हा प्रश्न निघोज्यातील कारखान्यांच्या दारापर्यंत नेणे, हेच कार्यकर्त्यांचे खरे काम होय.