सांधेरोपणाचे अर्धे शिक्षण शहापूर-मुरबाडलाच


सांधेरोपण शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांना शहापूर-मुरबाडला पाठवणे म्हणजे त्यांचे तीन महिने फुकट घालवणे, हे एका पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. हात बसतो तो शस्त्रक्रियांच्या संख्येने. जास्त खुबे बदलणाऱ्या सर्जनांच्या रुग्णांत सांधा निखळण्याचे प्रमाण कमी, हे अमेरिकेतील मेडिकेअरच्या नोंदींतून दिसले आहे. शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयातच शिकवावी, याबद्दल वाद नाही. पण कोणाचा सांधा बदलायचा आणि तो घरी कसा टिकतो, हे ऑपरेशन थिएटरमध्ये कळत नाही. या तालुक्यांतील आदिवासी पाड्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. त्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो ऐन तरुणपणी ढासळू शकतो. हाडाची पोकळी अनेकदा अरुंद झालेली असते, जंतुसंसर्गाचा धोकाही जास्त. नवा खुबा घेऊन परतलेल्या बाईला उकिडवे बसून चूल पेटवायची असते, वाकून भाताची आवणी करायची असते, आणि नेमक्या अशाच खोल वाकण्यात सांधा निखळू शकतो. मुरबाडला रेल्वे नाही. एसटीने कल्याण आणि पुढे लोकलने मुंबई, म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. मग फेरतपासणी राहून जाते.

शहापूर-मुरबाडला शिकवणार कोण, हा आक्षेप रास्त आहे. परंतु पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांनी जिल्हा निवासी कार्यक्रमाचे, म्हणजे जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयांत काम करण्याचे, हे तीन महिने तिसऱ्या ते पाचव्या सत्रात ठेवले आहेत. तोवर विद्यार्थी अगदी नवखा नसतो. त्याला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात नेमावे, आठवड्यातून एकदा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात फेरतपासणीला बसवावे आणि प्रत्येक एक्स-रे महाविद्यालयातील वरिष्ठांना दाखवणे बंधनकारक करावे. वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी याचा विचार करावा, ही विनंती.